वराडचे आडनाव, डब्लिनचे सभागृह

आयर्लंडमध्ये मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे आडनावांच्या वर्णक्रमाने छापली जात असल्यामुळे पश्चिम डब्लिन मतदारसंघातील मतदारांना २००७ ते २०२० या काळातील चार सार्वत्रिक निवडणुकांत ‘वराडकर’ हे नाव यादीच्या शेवटाकडे शोधावे लागत असे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड नावाचे गाव आहे आणि गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करण्याच्या कोकणी रीतीने ते त्या मतपत्रिकेपर्यंत गेले होते. हे आडनाव लावणारे लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडच्या सरकारचे प्रमुख झाले, तेव्हा ते वयाच्या ३८ व्या वर्षी त्या पदावर आलेले सर्वांत तरुण नेते होते, स्थलांतरित भारतीय डॉक्टरांचे पुत्र होते, आणि आपण समलिंगी आहोत हे त्यांनी अडीच वर्षांपूर्वीच देशाला सांगितलेले होते. ज्या देशात समलिंगी संबंध १९९३ पर्यंत फौजदारी गुन्हा होता, तेथे हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर एका कुटुंबाच्या स्थलांतराचा आणि एका कायद्याच्या अंताचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावा लागतो.

पोटापाण्यासाठी गाव सोडणे कोकणाला नवे नव्हते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता आणि त्या साऱ्या पट्ट्यातील घरे मुंबईत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर चालत आली होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या स्थलांतराला शिकलेल्या मुलांनी समुद्रापलीकडची दिशा दिली. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे सर्व नागरिकांना सरकारी खर्चाने उपचार देणारी व्यवस्था, सुरू केल्यानंतर तेथील रुग्णालयांना डॉक्टर आणि परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, आणि भारतातील वैद्यकीय शिक्षण ब्रिटिश वळणाचे व इंग्रजी माध्यमाचे असल्यामुळे येथील पदव्यांना तेथे मान्यता होती. १९६० च्या दशकात जे भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे गेले, त्यांत वराडचे मूळ असलेले डॉ. अशोक वराडकर होते. परिचारिकांची उणीव ज्या देशांनी भरून काढली त्यांत आयर्लंड आघाडीवर होता. वॉटरफर्ड परगण्यातील डंगारव्हन या गावची मिरियम हॉवेल ही तरुणी अशीच इंग्लंडला आलेली परिचारिका होती. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या स्लाव येथे काम करत असताना दोघांची ओळख झाली. एकाच साम्राज्याच्या दोन जुन्या वसाहतींनी त्या साम्राज्याची रुग्णालये चालवायला माणसे पुरवली होती, आणि हे लग्न त्या पुरवठ्यातून जुळले होते.

१९७१ मध्ये विवाह, लेस्टर शहरात थोरल्या मुलीचा जन्म, मग काही काळ भारतात आणि १९७३ मध्ये कायमचे डब्लिन, असा या कुटुंबाचा प्रवास झाला. डब्लिनच्या पश्चिमेकडील ब्लँचर्ड्सटाउन या वाढत्या उपनगरात डॉ. वराडकरांनी कुटुंबवैद्य म्हणून दवाखाना थाटला, आणि १८ जानेवारी १९७९ रोजी तिसरे अपत्य व एकुलता मुलगा लिओ याचा जन्म झाला. लिओ वराडकर स्वतः स्थलांतरित नव्हते. स्थलांतरित होते ते त्यांचे वडील. मात्र ज्या समाजात शतकभर माणसे बाहेर जात राहिली आणि बाहेरून फारशी कोणी आली नाहीत, तेथे सावळा वर्ण आणि ओळखीत न बसणारे आडनाव घेऊन वाढणाऱ्या मुलाला हा फरक रोजच्या व्यवहारात फारसा उपयोगी पडत नाही. घरात आई कॅथलिक आणि वडील हिंदू असताना मुलांचे संस्कार कॅथलिक पंथानुसार झाले, यातही त्या काळच्या आयर्लंडची छाया दिसते.

त्या काळचे आयर्लंड हे चर्चचा शब्द घराघरांत चालणारे राष्ट्र होते. १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला दिलेले विशेष स्थान सार्वमताने काढून टाकले गेले ते वराडकर कुटुंब स्थायिक झाले त्याच सुमारास. घटस्फोटाला मान्यता मिळण्यासाठी मात्र १९९५ उजाडावे लागले आणि तेव्हाही होकार व नकार यांतील अंतर एका टक्क्याहून कमी होते. समलिंगी संबंधांविषयीचा कायदा तर आयर्लंडने स्वतः केलेला नव्हताच. ब्रिटिश संसदेने १८६१ मध्ये केलेला व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्यांचा कायदा आणि १८८५ ची त्यातील भर, ही दोन्ही कलमे १९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या राज्याने जशीच्या तशी ठेवून घेतली. भारताच्या वाट्याला याच सुमारास, १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३७७ आले आणि तेही १९४७ नंतर तसेच राहिले. परक्या सत्तेविरुद्ध दीर्घ लढा देणाऱ्या दोन्ही राष्ट्रांनी त्या सत्तेचा हा वारसा मात्र राष्ट्रीय परंपरा समजून जपला, ही गोष्ट दोन्हीकडच्या इतिहासकारांनी गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

आयर्लंडमधील हा कायदा हटवण्याच्या लढ्याचा नायक डेव्हिड नॉरिस. ट्रिनिटी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवणारे नॉरिस यांचा जन्म १९४४ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधील लिओपोल्डव्हिल येथे झाला होता आणि तान्हेपणी ते आयर्लंडला आले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी कायदा सुधारण्यासाठी मोहीम उभी केली. तिला कायद्याचा सल्ला देणाऱ्यांत मेरी मॅकअलीस आणि मेरी रॉबिन्सन या दोन तरुण विदुषी होत्या आणि पुढे या दोघीही आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. उच्च न्यायालयात नॉरिस हरले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हरले, आणि त्या निकालात देशाच्या ख्रिस्ती स्वरूपाचा आधार घेतला गेला. त्यानंतर त्यांनी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे दाद मागितली, तेथे रॉबिन्सन यांनी त्यांची बाजू मांडली आणि २६ ऑक्टोबर १९८८ रोजी हा कायदा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतो असा निकाल लागला. सरकारने तो अमलात आणायला आणखी पाच वर्षे घेतली. अखेर १९९३ च्या उन्हाळ्यात संसदेने कायदा रद्द केला, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही झाली ती मेरी रॉबिन्सन यांचीच.

या साऱ्या काळात नॉरिस केवळ वादी नव्हते. १९८७ मध्ये ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, ज्याला तेथे ‘शॅनड’ म्हणतात, विद्यापीठाच्या पदवीधरांच्या मतदारसंघातून निवडून आले होते. आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगून आयर्लंडमध्ये निवडून आलेले ते पहिले लोकप्रतिनिधी, आणि जन्माने ते परदेशी भूमीवरचे. जो कायदा त्यांना गुन्हेगार ठरवत होता तो अजून पुस्तकात असताना ते कायदे करणाऱ्या सभागृहात बसत होते, आणि पुढे २०२४ पर्यंत, म्हणजे सुमारे ३६ वर्षे, बसत राहिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर एलेन नोबल यांनी १९७४ मध्येच असा विजय मिळवला होता. तथापि राष्ट्रीय संसदेत, आणि तेही कायद्याने गुन्हेगार असताना, ही जागा घेणे हे वेगळ्या धैर्याचे काम होते. वराडकरांच्या यशाची चर्चा करताना मराठी वृत्तपत्रांनी नॉरिस यांचे नाव क्वचितच घेतले. त्यांच्याशिवाय ही कथा उभी राहत नाही.

कायदा रद्द झाला तेव्हा लिओ वराडकर १४ वर्षांचे होते. त्यांनी ट्रिनिटीमध्ये प्रथम कायद्याला प्रवेश घेतला, लगेच वैद्यकशाखेकडे वळले आणि २००३ मध्ये पदवी घेतली. प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात काढला. राजकारणाची ओढ मात्र त्याहून जुनी होती. १९९९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, फिने गेल या मध्यममार्गी-उजव्या पक्षातर्फे त्यांनी स्थानिक निवडणूक लढवली आणि ३८० मते मिळवून ते हरले. २००३ मध्ये रिक्त जागेवर फिंगल परगणा परिषदेत त्यांची नियुक्ती झाली, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांना ४,८९४ पहिल्या पसंतीची मते पडली, जी त्या वर्षी देशातील कोणत्याही स्थानिक उमेदवाराहून अधिक होती.

येथे ‘पहिल्या पसंतीची मते’ म्हणजे काय हे सांगणे आवश्यक आहे. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जातात आणि मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. विजयी उमेदवाराची जादा मते आणि बाद झालेल्याची मते पुढील पसंतीकडे जातात. पुणे पदवीधर मतदारसंघात विधान परिषदेसाठी मतदान केलेल्यांना ही रीत परिचयाची आहे. या पद्धतीत एकगठ्ठा जातीय वा धार्मिक बहुमत नसलेल्या उमेदवारालाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुसरी-तिसरी पसंती गोळा करून, निवडून येता येते. ब्लँचर्ड्सटाउनच्या घराघरांत डॉ. वराडकरांचा दवाखाना ठाऊक होता, आणि मुलाने दारोदार फिरण्यात कसूर ठेवली नाही. २००७ मध्ये ते पश्चिम डब्लिनमधून डॉलवर, म्हणजे कनिष्ठ सभागृहावर, निवडून गेले. परक्या आडनावाचे आयर्लंडला फार वावडे नव्हते, असेही म्हणता येईल: स्वातंत्र्योत्तर राजकारणावर सर्वाधिक काळ प्रभाव गाजवणारे एमन डी व्हॅलेरा यांचा जन्म न्यूयॉर्कचा आणि त्यांचे वडील स्पॅनिश वंशाचे सांगितले जात.

खासदारकीच्या सुरुवातीच्या काळातील वराडकर हे अल्पसंख्याकांचे कैवारी नव्हते, हे नोंदवल्यावाचून त्यांचे चित्र पुरे होत नाही. २००८ मध्ये मंदीने रोजगार जाऊ लागले तेव्हा बेरोजगार परदेशी नागरिकांना काही महिन्यांचा भत्ता एकदम देऊन मायदेशी पाठवता येईल का, असा विचार त्यांनी मांडला आणि त्यावर मोठे काहूर उठले. पुणे–नगर रस्त्यावरील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना या विचाराची धार वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. महागणपतीच्या देवळापासून काही अंतरावर उभ्या असलेल्या त्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली माणसे काम करतात, आसपासच्या गावांतील भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि मागणी घटली की सर्वांत आधी त्यांनाच गावाकडे परतण्याचा सल्ला मिळतो. स्थलांतरिताच्या मुलाने हा सल्ला द्यावा, याचे दुःख अनेक आयरिश स्थलांतरितांना झाले. त्याचप्रमाणे २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारीची, म्हणजे विवाहाहून कमी हक्कांच्या नोंदणीची, मुभा देणाऱ्या विधेयकावर बोलताना त्यांनी प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघांचाही हक्क असतो असे सांगून दत्तक घेण्याच्या मागणीबद्दल प्रतिकूल मत दिले होते. त्या वेळी ते स्वतःविषयी काही बोलत नव्हते. ज्याला आपले एक सत्य झाकून ठेवावे लागते त्याचे इतर विचारही किती आक्रसून जातात, याचा हा पुरावा आहे असे मानायला जागा आहे. पुढे त्यांनी ही भूमिका पूर्णपणे सोडली.

२०११ मध्ये फिने गेल सत्तेवर आला आणि वराडकर वाहतूक, पर्यटन व क्रीडा खात्याचे मंत्री झाले. त्याच निवडणुकीत मजूर पक्षाचे डॉमिनिक हॅनिगन आणि जॉन लायन्स हे उघडपणे समलिंगी असलेले पहिले दोन सदस्य डॉलमध्ये आले, म्हणजे कनिष्ठ सभागृहातील पहिलेपणाचा मानही वराडकरांकडे जात नाही. नव्या आघाडी सरकारने राज्यघटनेतील काही वादग्रस्त प्रश्नांवर विचार करण्यासाठी एक घटना परिषद बोलावली. १०० जणांच्या या परिषदेत ६६ सामान्य नागरिक मतदारयादीतून निवडलेले, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष अशी रचना होती. शनिवार-रविवारच्या बैठकांत गृहिणी, शेतकरी, कामगार आणि खासदार एका टेबलाभोवती बसत, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना ऐकत, मग मत देत. एप्रिल २०१३ मध्ये परिषदेच्या ७९ टक्के सदस्यांनी समलिंगी विवाहाला घटनेत स्थान द्यावे अशी शिफारस केली. जनतेच्या मनात किती बदल झाला आहे हे राजकीय पक्षांना या आकड्याने प्रथमच स्पष्ट कळले, आणि सरकारने सार्वमत घेण्याचे मान्य केले. कारण आयर्लंडची राज्यघटना संसदेला बदलता येत नाही, प्रत्येक दुरुस्ती मतदारांपुढे ठेवावी लागते.

मतदानाला चार महिने उरले असताना, १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, तेव्हा आरोग्यमंत्री असलेले वराडकर आयर्लंडच्या राष्ट्रीय आकाशवाणीवर मिरियम ओकॅलहन यांच्या रविवारच्या मुलाखतीला बसले. मुलाखत लहानपण, आई-वडील, वैद्यकी अशा विषयांवरून पुढे सरकत असताना त्यांनी आपण समलिंगी आहोत असे साध्या शब्दांत सांगितले. ही गोष्ट गुपित नसली तरी सर्वांना ठाऊक नाही, ती आपली संपूर्ण ओळखही नाही. परंतु समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरील बंदी, मुलांच्या पालकत्वाचे नवे कायदे आणि येऊ घातलेले सार्वमत या विषयांवर मंत्री म्हणून निर्णय घ्यायचे असताना आपला काही छुपा हेतू आहे अशी शंका कोणाच्या मनात राहू नये, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. पंतप्रधान एन्डा केनी यांना त्यांनी आधीच कल्पना दिली होती. आयर्लंडच्या मंत्रिमंडळातील कोणी असे सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. धडाडीच्या भाषणाऐवजी रविवार सकाळच्या घरगुती संभाषणात हे घडल्यामुळे ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून थेट वयस्क श्रोत्यांपर्यंत पोचले, आणि पुढील सार्वमतात ज्यांच्या मताची सर्वांत अनिश्चितता होती ते मतदार नेमके हेच होते.

२२ मे २०१५ च्या मतदानापूर्वीचे दोन दिवस आयर्लंडच्या बंदरांवर आणि विमानतळांवर निराळेच दृश्य दिसले. परदेशी राहणाऱ्या सामान्य नागरिकांना तेथे टपालाने मत पाठवता येत नाही, म्हणून गणपतीला चाकरमानी गावाकडे निघावेत तसे हजारो तरुण लंडनहून बोटीने, अमेरिका-ऑस्ट्रेलियाहून विमानाने, पाठीला पिशवी लावून केवळ मत देण्यासाठी घरी परतले. ज्यांना रोजगाराने आणि काहींना समाजाच्या संकुचितपणाने देश सोडायला लावला होता, तेच तो देश बदलायला आले. निकाल ६२.०७ टक्के होकाराचा लागला. १२ लाखांहून अधिक मतदारांनी बाजूने मत दिले आणि ४३ पैकी फक्त एका मतदारसंघात, रॉसकॉमन–दक्षिण लिट्रिममध्ये, नकाराचे बहुमत झाले. एकेकाळी ब्रिटिश सत्तेचे ठाणे असलेल्या डब्लिन किल्ल्याच्या चौकात निकाल ऐकण्यासाठी लोक जमले होते. समलिंगी विवाहाला लोकांच्या थेट मतदानाने मान्यता देणारा आयर्लंड हा जगातील पहिला देश ठरला.

यानंतर दोन वर्षांनी केनी यांनी पद सोडले तेव्हा नेतृत्वासाठी वराडकर आणि सायमन कोव्हनी यांच्यात लढत झाली. फिने गेलच्या नियमांनुसार संसदीय पक्षाच्या मताला ६५ टक्के, सामान्य सदस्यांच्या मताला २५ टक्के आणि नगरसेवक-परिषद सदस्यांच्या मताला १० टक्के वजन होते. सामान्य सदस्यांत कोव्हनी यांना जवळपास दोन तृतीयांश मते मिळाली, परंतु ७३ संसद सदस्यांपैकी ५१ वराडकरांच्या पाठीशी उभे राहिले आणि २ जून २०१७ रोजी ते जिंकले. १४ जून रोजी डॉलने ५७ विरुद्ध ५० मतांनी त्यांना ‘टीशक’, म्हणजे पंतप्रधान, निवडले. अनेक सदस्य तटस्थ राहिले, कारण सरकारच अल्पमताचे होते. आइसलँड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांनी याआधी उघडपणे समलिंगी व्यक्तींच्या हाती सरकार सोपवले होते. आयर्लंडचे वेगळेपण इतकेच की नेतृत्वाच्या त्या लढतीत प्रतिस्पर्ध्याने वा पक्षाने हा मुद्दा केला नाही. वादाचे विषय कर, घरे आणि प्रदेशांमधील असमतोल हे होते. नॉरिस हरले त्या १९८३ च्या निकालापासून येथपर्यंत ३४ वर्षे लागली होती.

वराडकरांच्या पहिल्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी निर्णयाचा संबंध पुन्हा आपल्याच सीमाभागाशी येतो. बेळगावची सविता हलप्पनवार ही ३१ वर्षांची दंतवैद्य गॉलवे येथे राहत असताना १७ आठवड्यांच्या गरोदरपणात आजारी पडली. गर्भपात अटळ असल्याचे दिसत असूनही गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून तो करण्यास नकार मिळाला आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी रक्तातील संसर्गाने तिचा मृत्यू झाला. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने आईच्या आणि गर्भाच्या जगण्याला समान हक्क दिला होता, आणि डॉक्टरांचे हात त्या दुरुस्तीने बांधले होते. एका स्थलांतरित स्त्रीच्या मृत्यूने आयर्लंड ढवळून निघाले. वराडकर सरकारने २५ मे २०१८ रोजी ती दुरुस्ती रद्द करण्यासाठी सार्वमत घेतले, सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना आवाहन केले, आणि ६६.४ टक्के मतदारांनी रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच महिन्यात, जुना कायदा हटल्याला २५ वर्षे पूर्ण होत असताना, त्या कायद्याखाली शिक्षा भोगलेल्या पुरुषांची आयर्लंडच्या संसदेत अधिकृतपणे माफी मागण्यात आली.

उरलेल्या कारकिर्दीचा आलेख थोडक्यात सांगता येतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असताना उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या उभ्या राहू नयेत यासाठी त्यांनी केलेली शिष्टाई यशस्वी झाली. कोरोनाच्या साथीत त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी करून आठवड्यातून एक पाळी काम केले. घरांची टंचाई मात्र त्यांना आटोक्यात आणता आली नाही आणि फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत पक्ष ३५ जागांसह तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्यानंतरच्या आघाडीत पाळीपाळीने पंतप्रधानपद वाटून घेण्याच्या करारानुसार ते डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा टीशक झाले, मार्च २०२४ मधील कुटुंबविषयक दोन सार्वमते मोठ्या फरकाने हरले, त्याच महिन्यात राजीनाम्याची घोषणा केली आणि नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक लढवली नाही. अपयशांसाठी त्यांच्यावर जी टीका झाली ती भाडे न परवडणाऱ्या तरुणांची आणि रुग्णालयात ताटकळलेल्या रुग्णांची होती. समलिंगी राजकारण्याला त्याच्या कामावरून, केवळ कामावरून, जोखले जाणे ही समानतेची खरी खूण होय, आणि ती त्यांच्या वाट्याला आली.

२९ डिसेंबर २०१९ रोजी पंतप्रधान असताना वराडकर आई-वडील व बहिणींच्या कुटुंबांसह वराडला आले. तीन पिढ्या एकत्र आजोबांच्या घरी पोचल्या, ग्रामदैवताचे दर्शन झाले आणि गावाने आपल्या नातवाचे मनापासून स्वागत केले. सिंधुदुर्गाने त्या दिवशी दाखवलेले अगत्य अस्सल होते. महाराष्ट्राने मात्र या कथेचा अर्धा भाग उचलला, आडनावाचा. दुसरा अर्धा, ज्यासाठी आयर्लंडला एवढा मोठा पल्ला गाठावा लागला, तो बातम्यांत उल्लेखापुरता राहिला.

तो अर्धा भाग येथेही पोरका नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली. मध्य प्रदेशच्या विधानसभेत सोहागपूरहून निवडून आलेल्या शबनम मौसी या तृतीयपंथी आमदार बसल्या, आणि २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट मतदानाने सरपंच केले. २०२४ मध्ये अनीश गावंडे या उघडपणे समलिंगी तरुणाला राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाने राष्ट्रीय प्रवक्ता नेमले. तरीही २०२४ च्या निवडणुकीपर्यंत महाराष्ट्र विधानसभेत आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगून कोणी निवडून आलेले नाही.

कायद्याच्या बाबतीत भारताने आयर्लंडचा अर्धा रस्ता चालून पार केला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील परस्परसंमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द केले. त्या पीठावर न्या. धनंजय चंद्रचूड होते, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील कनेरसर. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, ते सरन्यायाधीश असताना, समलिंगी विवाहाच्या प्रश्नावरील निकालात पाचही न्यायमूर्तींचे एका मुद्द्यावर एकमत झाले: विवाहाचा कायदा बदलणे हे न्यायालयाचे काम नसून विधिमंडळांचे आहे. त्या निकालाच्या पुनर्विलोकनाच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. आयर्लंडमध्ये न्यायालयाने वाट मोकळी केल्यावर पुढचे पाऊल लोकप्रतिनिधींनी आणि मग मतदारांनी उचलले. भारतात ते पाऊल अजून उचललेले नाही, आणि ते उचलण्याची मागणी आपापल्या आमदाराकडे करण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील समवर्ती सूचीत, म्हणजे ज्या विषयांवर संसद आणि राज्यांची विधिमंडळे या दोहोंना कायदा करता येतो त्या यादीत, विवाह आणि घटस्फोट ही पाचवी नोंद आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत आणि विधान परिषदेत ७८.